रोजनिशी लिहिणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या महिन्यात याच पानावर मी रोजनिशीसाठी वही कशी निवडावी याबद्दल थोडं लिहिलं होतं आणि शेवटी प्रश्न मागवले होते. पत्रं पुष्कळ आली. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि कुणाची ओळख पटेल असा मजकूर काढून टाकला आहे. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, की मी बत्तीस वर्षं पुस्तकबांधणी आणि जुन्या वह्यांची दुरुस्ती केली, आणि वयाच्या सतराव्या वर्षापासून रोजनिशी लिहिते आहे. भरलेल्या वह्या ५८ आहेत. एकोणसाठावी सध्या अर्ध्यावर आली आहे.

ताई, चामडी पुठ्ठ्याची, जाड कागदाची एक सुंदर वही मला भेट मिळाली. तीन वर्षं झाली, कोरीच आहे. माझं अक्षर चांगलं नाही, त्यामुळे पहिल्या पानावर पेन टेकवायचा धीर होत नाही. काय करू?

पहिलं पान सोडून द्या. हे मी बांधणीच्या अनुभवावरूनही सांगते. पुठ्ठ्याच्या आत जो दुहेरी कागद चिकटवलेला असतो, त्याची एक बारीक कड पहिल्या पानालाही चिकटवलेली असते. त्यामुळे ते पान कधीच सपाट उघडत नाही, हात अडखळतो, अक्षर वाकडं येतं. म्हणजे वहीतलं लिहायला सगळ्यात अवघड पान नेमकं पहिलंच, आणि आपण सगळे तिथेच सर्वांत सुंदर अक्षर काढायला बसतो.

आधी वही नीट उघडून घ्या. टेबलावर ती पाठीवर उभी धरा. पुढचा पुठ्ठा खाली टेकवा, मग मागचा. नंतर पुढून चार-पाच पानं खाली घेऊन शिवणीलगत बोटानं हलकेच दाबा, मग मागून तितकीच, असं करत मधोमध या. पाच मिनिटांचं काम आहे. असं केलं की नव्या वहीची पाठ मोडत नाही, आणि दुसरं असं, की सगळ्या पानांना तुमचा हात लागून जातो. मग तिसऱ्या पानावर आजची तारीख घाला आणि आज जे झालं ते लिहा. वही मिळाली त्या दिवसाबद्दल लिहायचं असेल तर तेही लिहा. भेट कुणी दिली, कशाबद्दल दिली, हे तीन वर्षांत थोडं पुसट झालं असेल, अजून दहा वर्षांनी जास्त होईल.

अक्षराबद्दल म्हणाल, तर ते तुम्हाला वाचता आलं की झालं. अ‍ॅन फ्रँकला तेराव्या वाढदिवसाला, १२ जून १९४२ रोजी, लाल चौकड्यांची जी वही मिळाली ती मुळात मैत्रिणींच्या सह्या आणि ओळी घेण्यासाठीची होती. ती भरल्यावर तिनं मिळतील त्या साध्या वह्यांत लिहिलं, आणि १९४४ मध्ये सगळं पुन्हा लिहायला घेतलं ते सुट्या कागदांवर. वही कसली आहे यावाचून तिचं काही अडलं नाही. तरीही त्या चामडी वहीत हात चाललाच नाही, तर एक साधी पिन मारलेली वही घ्या आणि ती भरून काढा. तिच्यानंतर या वहीची भीती राहत नाही. मी माझ्याच घरात दोघांना असं सुरू करून दिलं आहे.

माझ्या शाईपेनाची शाई वहीत फुटते आणि मागच्या बाजूला उतरते. जास्त जीएसएमचा, म्हणजे जाड कागद घेतला तरी तेच. कागद चांगला आहे हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

हा प्रश्न अकरा जणांनी विचारला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तीन वेगळ्या गोष्टींची आपण गल्लत करतो. शाई फुटते म्हणजे अक्षराच्या कडेनं बारीक केसांसारखी पसरते. शाई उतरते म्हणजे पलीकडच्या बाजूला ठिपके दिसतात. आणि तिसरी, मागचं लिहिलेलं पुढून सावलीसारखं दिसतं. तिसरी गोष्ट कागदाच्या जाडीवर अवलंबून असते. पहिल्या दोन मात्र खळीवर. कागद मुळात वनस्पतीच्या तंतूंचा असतो आणि तंतू पाणी शोषतात. लिहिण्याच्या कागदाला खळ दिलेली असते, त्यामुळे शाई वरच थांबते आणि वाळते. खळ कमी पडली तर १०० जीएसएमचा जाड कागदही टीपकागदासारखा वागतो. उलट ५२ जीएसएमचा पातळ कागद, खळ उत्तम असेल तर, ओल्या, म्हणजे भरपूर शाई सोडणाऱ्या निबाची शाईसुद्धा फुटू देत नाही. फक्त मागचं लिखाण पुढे दिसतं. मला त्याचा त्रास होत नाही, काहींना फार होतो. त्यांनी पाठपोट न लिहिता एकाच बाजूला लिहावं.

म्हणून वेष्टनावरचा आकडा पाहून वही घेऊ नका. स्वतःचं पेन घेऊन जा. नमुन्याची वही असेल तर तिच्या शेवटच्या पानावर एक रेघ अगदी सावकाश ओढा, निब एका जागी तीन आकडे मोजेपर्यंत टेकवून ठेवा, आणि एक जोडाक्षर लिहा, ‘ज्ञ’ किंवा ‘क्ष’, कारण तिथे शाई साचते. मिनिटभर थांबून पान उलटा. नमुना नसेल तर एकच वही घ्या, घरी तपासा, मग पुढच्या. एकदम सहा वह्यांचा गठ्ठा घेऊन नंतर हळहळणारी तीन पत्रं या वेळी आली आहेत.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. शाई बहुतेक वेळा पानाच्या खालच्या अर्ध्या भागातच जास्त फुटते किंवा तुटक उमटते, कारण वरचं लिहिताना तळहात तिथे टेकलेला असतो आणि हाताचा घाम, तेलकटपणा कागदात उतरतो. हाताखाली एक कोरा कागद ठेवा. माझ्या प्रत्येक वहीत असा एक जाडसर कागद असतो आणि तो वहीबरोबर पुढे सरकतो. एवढ्यानंही भागलं नाही तर वही बदलण्याआधी निब बदलून पाहा. बारीक निब कमी शाई सोडते.

जीएसएमचा आकडा एका कामासाठी मात्र फार उपयोगाचा आहे, वहीचं वजन काढायला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए० आकाराचा ताव बरोबर एक चौरस मीटरचा असतो आणि ए५ त्याचा बत्तिसावा भाग. म्हणजे ८० जीएसएमचं ए५ आकाराचं एक पान अडीच ग्रॅमचं. दोनशे पृष्ठांच्या वहीत शंभर पानं, म्हणजे पुठ्ठे सोडून २५० ग्रॅम. तीच वही १०० जीएसएमची केली तर ३१२ ग्रॅमच्या पुढे, आणि ५२ ची केली तर १६२ च्या आसपास. रोज खांद्यावरच्या पिशवीतून वही नेणाऱ्यानं हा हिशेब जरूर करावा. जड वही चार दिवस बरोबर नेली जाते, पाचव्या दिवशी घरी राहते.

आता बांधणी. वही बंद करून वरून पाठीकडे पाहा. घडी घातलेल्या कागदांचे छोटे छोटे गुच्छ दिसले, आणि वही उघडल्यावर गुच्छाच्या मधोमध दोरा दिसला, तर ती शिवलेली आहे. आम्ही तिला जुजबंदी म्हणतो. अशी वही सपाट उघडते आणि पन्नास वर्षं टिकते. गुच्छ न दिसता सगळा सपाट ठोकळा दिसला तर पानं नुसती डिंकानं चिकटवलेली आहेत. ती वही उघडी राहत नाही, तळहातानं दाबून धरावी लागते, आणि एक दिवस मधली पंधरा-वीस पानं एकत्र निघून हातात येतात. दुरुस्तीला माझ्याकडे येणाऱ्या दहा वह्यांपैकी सात याच असत. पिनांची वही शंभर पृष्ठांपर्यंत उत्तम. फक्त दमट जागेत पिना गंजतात आणि घडीतला कागद तपकिरी होऊन तुटतो. तारेची गुंडाळी असलेली वही उभ्यानं किंवा मांडीवर लिहायला फार सोयीची, पण डावऱ्यांच्या हाताला ती तार सतत टोचते.

आणि ओळी. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, पायमोडकी अक्षरं. रोमन लिपीला पुरेल अशा सहा मिलिमीटरच्या ओळींत मराठी लिहिलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. मराठीत लिहिणाऱ्यानं आठ मिलिमीटरच्या आसपास अंतर पाहावं, नाहीतर कोरी वही घ्यावी. पाच मिलिमीटरच्या ठिपक्यांच्या वहीत मी एक रांग सोडून लिहिते. आपलं अक्षर ओळीला वरून लटकतं, खालच्या ओळीवर बसत नाही. छापील ओळ फिकी असेल तर तीच शिरोरेषेचं काम करते आणि भरभर लिहिताना शिरोरेषा सुटली तरी ओळ ढळत नाही. गडद निळ्या ओळींची वही म्हणूनच मला नको वाटते. तिथे अक्षर आणि ओळ एकमेकांशी भांडतात.

पुसता येणारं पेन रोजनिशीला चालेल का? चुका सुधारता येतात म्हणून आवडतं.

नको. ती शाई खोडल्यानं जात नाही, घासल्यावर होणाऱ्या उष्णतेनं अदृश्य होते, साधारण साठ अंशांच्या आसपास. उन्हात बंद गाडीत राहिलेली वही कोरी झालेली मी पाहिली आहे. चुकलेलं एक रेघ मारून खोडा आणि पुढे लिहा. खोडलेला शब्दही पुढे वाचावासा वाटतो.

मी रोज लिहितो, पण दोन वर्षांपूर्वीची वही वाचली तर तीच तीच वाक्यं: उठलो, कामावर गेलो, दमलो, झोपलो. असं लिहून काय उपयोग? लिहायचं तरी काय?

तुमचं पत्र वाचून मी माझी १९९४ ची वही काढली. मार्च ते मे असे तीन महिने रोज एक ओळ आहे. ‘कामाची गडबड. थकले.’ कधी नुसतंच ‘गडबड.’ त्या तीन महिन्यांतलं मला आज काहीही आठवत नाही. कुठलं काम होतं, कशाची घाई होती, कोण बरोबर होतं, काही नाही. नव्वद दिवस, आणि त्यांत मी कुठेच सापडत नाही.

त्याच वहीत जूनच्या एका पानावर दोन वाक्यं आहेत. ‘वडिलांनी आज जिना उतरताना पहिल्यांदा कठडा धरला. मी पाहिलं हे त्यांना कळू दिलं नाही.’ ही दोन वाक्यं वाचली की तो जिना दिसतो, त्यांचा हात दिसतो, मी वरच्या पायरीवर चप्पल शोधायचं निमित्त करून थांबले होते ते आठवतं, आणि चप्पल पायातच होती हेही आठवतं. यातलं बहुतेक काही मी लिहिलेलं नाही. लिहिलेल्या दोन वाक्यांना धरून ते मागोमाग येतं.

‘दमलो’ हा शब्द खरा आहे, पण त्याला धरून काही येत नाही. म्हणून मी जे करते ते सांगते. दिवसातलं डोळ्यांनी पाहिलेलं एक काहीतरी लिहायचं, आणि कानावर पडलेलं एक वाक्य, जसं बोललं गेलं तसंच, व्याकरण न सुधारता. घरातल्या लहान मुलांची वाक्यं तर त्याच दिवशी लिहा, कारण त्यांची बोलण्याची ढब महिन्याभरात बदलते आणि जुनी कितीही आठवली तरी येत नाही. आकडा असेल तर आकडा लिहा. किती वाजता, किती पावलं, किती जण होते. आनंद झाला, वाईट वाटलं, हे शेवटी, आणि खरंच वाटलं असेल तर.

सर्वनामांची काळजी घ्या. माझ्या तिसाव्या वहीत एका पानावर लिहिलंय, ‘ती आली नाही. बरंच झालं.’ कोण आली नाही, आणि बरं का झालं? खूप डोकं खाजवलं, समजलं नाही. फार चुटपुट लागते. जिच्याविषयी इतक्या ठामपणे लिहिलं ती व्यक्ती माझ्या हातून कायमची निसटली. तेव्हापासून मी नाव लिहिते, निदान नातं तरी.

रोज एवढं जमणार नाही. पाच दिवस ‘दमलो’ लिहा, सहाव्या दिवशी कठडा दिसेल. फक्त तो दिसला की त्या दिवशी वही उघडा.

तारखा छापलेली डायरी घ्यावी की साधी वही? माझे मधले दिवस सुटतात, कोरी पानं पाहून अपराधी वाटतं आणि मग मी फेब्रुवारीतच सोडून देते.

साधी वही. तारीख हातानं घालायची. छापील डायरीत सुटलेला दिवस कोरा दिसत राहतो आणि मोठ्या दिवसाला एकच पान मिळतं. तुमच्या आयुष्यात काही दिवस सात पानांचे असतात, काही अर्ध्या ओळीचे.

लंडनच्या सॅम्युएल पीप्सनं १ जानेवारी १६६० पासून ३१ मे १६६९ पर्यंत रोजनिशी लिहिली, जगातल्या सर्वांत प्रसिद्ध रोजनिश्यांमध्ये ती आहे, आणि तोसुद्धा अनेकदा कच्च्या टिपणांवरून मागचे चार-सहा दिवस एका बैठकीत लिहून काढत असे. थांबला तेही डोळे जातील या भीतीनं. डार्विन बीगल जहाजाच्या प्रवासात, १८३१ ते १८३६ या काळात, किनाऱ्यावर फिरताना खिशातल्या छोट्या वहीत पेन्सिलीनं टिपत असे आणि जहाजावर परतला की त्यावरून सविस्तर लिहीत असे. तुम्हीही खिशात मावेल अशी एक ए६ वही ठेवा. दिवसा दोन शब्द टिपा, रविवारी मोठ्या वहीत उतरवा. आणि आठवडा पूर्ण सुटला तर मागचं भरत बसू नका. आजची तारीख घाला, ‘आठ दिवसांनी’ असं लिहा आणि सुरू करा. माझ्या एका वहीत हा खंड चौदा महिन्यांचा आहे. वही तीच आहे.

मी नववीत आहे. माझी डायरी घरात कुणीतरी वाचली आणि त्यावरून मला बोलणी बसली. आता लिहावंसं वाटत नाही. कुलपाची डायरी घेऊ का?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. जे झालं ते चुकीचं झालं, आणि चूक तुझी नाही. तू लिहिलंस यात काहीही गैर नाही.

कुलपाच्या डायरीचा उपयोग होत नाही गं. ते कुलूप केसांच्या पिनेनं उघडतं, शिवाय आत काहीतरी लपवलंय हे लांबून सांगतं. त्यापेक्षा शाळेच्या वह्यांसारखीच दिसणारी वही घे आणि वह्यांच्या गठ्ठ्यात ठेव. दुसरा रस्ता लिपीचा. वर ज्याचं नाव आलं त्या पीप्सनं जवळजवळ सगळी रोजनिशी लघुलिपीत लिहिली होती. पुढे एकोणिसाव्या शतकात ती उलगडायला एका माणसाला जवळजवळ तीन वर्षं लागली, आणि त्या लघुलिपीचं पुस्तक पीप्सच्याच पुस्तकसंग्रहात, जवळच्याच फळीवर होतं. तू मोडी शिकू शकतेस. किंवा स्वतःची वीस-पंचवीस चिन्हं ठरव, फक्त माणसांच्या नावांसाठी. चिन्हांची यादी मात्र कुठेतरी जपून ठेव, नाहीतर दहा वर्षांनी तुलाच वाचता येणार नाही.

आणि ज्या दिवशी मनातलं फारच जड असेल, त्या दिवशी सुट्या कागदावर लिही आणि फाडून टाक. लिहिलं ते झालं. ठेवलंच पाहिजे असं नाही. पण कुणी तुला त्रास देत असेल, घाबरवत असेल, तर ते नुसतं कागदावर ठेवू नकोस. ज्या मोठ्या माणसावर तुझा विश्वास आहे त्याला तोंडी सांग.

हे पान वाचणाऱ्या आई-वडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलांची वही उघडू नका. काळजी वाटत असेल तर मुलाशी बोला. एकदा वही वाचली गेली की मूल लिहिणं थांबवतं किंवा तुम्ही वाचाल म्हणून लिहितं, आणि दोन्हींत तुम्हाला त्याचं मन कळायची वाट बंद होते.

पत्नी जाऊन सात महिने झाले. मुलगी म्हणते, लिहा, मोकळं वाटेल. मी लिहायला बसलो की जास्तच रडू येतं. माझं काही चुकतंय का?

काही चुकत नाही. लिहिल्यावर लगेच बरं वाटतं असं सगळीकडे सांगितलं जातं, आणि तसं वाटलं नाही की माणूस स्वतःला दोष देतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये याबद्दलचा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्या झाल्या त्यांची मनःस्थिती आधीपेक्षा वाईटच होती. पण ज्यांनी प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना पुढच्या सहा महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात जावं लागलं ते इतरांपेक्षा कमी वेळा. म्हणजे रडू येणं हा लिहिण्याचाच भाग आहे.

घड्याळ लावून पंधरा मिनिटं लिहा आणि थांबा, वाक्य अर्धं असलं तरी. रात्री झोपण्याआधी लिहू नका, संध्याकाळी लिहा, म्हणजे नंतर कुणाशी बोलता येतं. मृत्यूच्या दिवसांबद्दलच लिहिलं पाहिजे असंही नाही. त्या कशा हाक मारत, कपडे कशा घडी घालत, कुठल्या गोष्टीवरून तुम्ही नेहमी भांडत होतात, ते लिहा. आई गेल्यावर मी वर्षभर तिच्याबद्दल फक्त तिच्या हातांच्या सवयी लिहिल्या. दुसरं काही लिहिताच येत नव्हतं. आज ती वही मी सगळ्यात जास्त वेळा उघडते.

लिहून झोप उडत असेल, भूक जात असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल तर मात्र वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा, आजच. मुलीला बरोबर न्या.

फोनवर लिहिलं तर चालेल का?

चालेल. लिहिणं महत्त्वाचं. मोठं लिहिणाऱ्याला, हात दुखणाऱ्याला, कमी दिसणाऱ्याला ते सोयीचंच आहे, आणि शोधायलाही सोपं. मात्र वर्षातून एकदा छापून काढा आणि शिवून घ्या. पासवर्ड विसरला तर वही उघडत नाही.

माझ्याकडे तीस वर्षांच्या रोजनिश्या आहेत. वय ७१. ठेवू की नष्ट करू? ठेवायच्या तर कशा? काहींची शाई फिकी होते आहे.

आधी वाचा. न वाचता काहीही नष्ट करू नका. मी ५८ पैकी दोन वह्या फाडल्या. एकीत फक्त राग होता, दुसऱ्या एका माणसाबद्दल, जो आता नाही, आणि ते त्याच्या मुलांच्या हाती पडू नये असं मला वाटलं. तिचं मला वाईट वाटत नाही. दुसरी मी तिशीत लाजेपोटी फाडली. त्या वर्षी मी बांधणीचं काम शिकले होते. पहिली वही शिवताना बोटाला सुई किती वेळा टोचली हे त्यात रोज लिहिलेलं होतं, आणि माझ्या गुरूंचं बोलणं होतं. लाज कधीच निघून गेली, वही परत येत नाही.

वाचताना प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीनं सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहा, आणि दोन-तीन ओळींत आत काय आहे ते. जी पानं कुणी वाचू नयेत ती निवडून काढा. त्यासाठी पूर्ण वही घालवायची गरज नाही. शिवलेल्या वहीतून पान ओढून काढू नका, कारण त्याच्या जोडीचं पलीकडचं पानही सुटतं. शिवणीपासून बोटभर जागा सोडून कापा. उरलेल्या कुणाला द्यायच्या ते स्पष्ट लिहून ठेवा आणि त्या माणसाला आत्ताच विचारा. सगळ्यांना हव्या असतात असं नाही, आणि ज्याला हव्या असतात तो कधीकधी आपल्या लक्षातही नसतो.

शाईबद्दल. फिकी होत असलेली पानं उजेडापासून दूर ठेवा आणि आताच त्यांचे फोटो काढा किंवा नक्कल उतरवा. धुतल्यावर जाणारी निळी शाई सर्वांत नाजूक. माझ्या चौदाव्या वहीवर पाण्याचं भांडं लवंडलं आणि अकरा पानांवर निळसर ढग राहिले, अक्षर एकही नाही. त्याच वहीत मधे पेन्सिलीनं लिहिलेलं पान तसंच्या तसं होतं. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट, कार्बनच. ते पाण्यानं जात नाही, उजेडानं विटत नाही, फक्त घासलं तर पसरतं. कायमचं ठेवायचं असेल त्याला कार्बनची काळी शाई किंवा पेन्सिल वापरा. वही भिजलीच तर उन्हात ठेवू नका. पानांमध्ये टीपकागद घालून पंख्याखाली ठेवा आणि कागद बदलत राहा. दोन दिवसांत वाळली नाही तर बुरशी धरते.

कागद पिवळा होऊन कडा तुटत असतील तर तो आम्लयुक्त कागद आहे. त्या वह्या चांगल्या वह्यांना चिकटून ठेवू नका. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दमटपणा कोंडतो. सुती कापडात बांधा, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात आडव्या ठेवा आणि वर्षातून दोनदा प्रत्येक वही उघडून पानं चाळा. कसर लागली असेल तर तेव्हाच दिसते. आत चिकटवलेल्या पारदर्शक पट्ट्या हळूहळू पिवळ्या पडतात आणि त्यांचा गोंद शाईत उतरतो. सुटत असतील तर सोडवा, घट्ट असतील तर ओढू नका. दुकानाच्या पावत्या चिकटवलेल्या असतील तर त्यांवरचं लिखाण उडत जातं, त्यावर काय होतं ते शेजारी लिहून ठेवा.

सगळ्या तीस एकदम काढू नका, दमाल. एका वेळी एक. कुठल्या वर्षापासून वाचायला घेतलंत ते मात्र मला कळवा.